आधी पाट, मग पीक

नवी मुंबईत, ऐरोलीतल्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत दात्याच्या मांड्या, पाय आणि पाठीवरून कातडीचा फक्त वरचा पापुद्रा काढतात, संसर्गाच्या तपासण्या करतात, ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ४ ते ८ अंश सेल्सिअसला साठवतात आणि खूप भाजलेल्या रुग्णाच्या उघड्या जखमेवर तो पांघरतात. रक्तगट जुळवावा लागत नाही, कारण ही त्वचा रुग्णाच्या अंगावर जिवंत राहावी अशी अपेक्षाच नसते. तिच्यामुळे वेदना कमी होतात, शरीरातलं पाणी झिरपून जाणं थांबतं, जंतूंची वाट अडते आणि दोन-तीन आठवड्यांनी हे उसनं पांघरूण सुटून येतं. तोवर रुग्ण सावरलेला असतो. मग त्याच्याच न भाजलेल्या भागावरची पातळ त्वचा काढून जखमेवर लावतात, आणि ती मात्र कायमची राहते. ती राहिली की डॉक्टर म्हणतात, ग्राफ्ट धरला. कोकणातला बागायतदार हापूसच्या कलमाबद्दल हेच क्रियापद वापरतो: कलम धरलं. परक्याची त्वचा न धरण्यामागे शरीराची प्रतिकारशक्तीही असते. पण आपलीच त्वचा आपल्याच अंगावर कधी धरते आणि कधी धरत नाही, हे ठरतं एकाच गोष्टीवर, तिच्यातून रक्त खेळू लागलं की नाही यावर. प्रयोगशाळेत मानवी अवयव घडवण्याची जी स्वप्नं गेली तीस वर्षं पाहिली जात आहेत, त्यांचं यशापयशही याच एका गोष्टीपाशी येऊन थांबलं आहे.

धरणं म्हणजे नेमकं काय? पहिले एक-दोन दिवस लावलेली त्वचा जखमेतून पाझरणारा द्रव शोषून कशीबशी तग धरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिच्यातल्या तुटलेल्या केशवाहिन्यांची तोंडं आणि जखमेच्या तळातल्या केशवाहिन्यांची तोंडं एकमेकांना मिळू लागतात. पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत प्रवाह सुरू होतो आणि पांढुरकी त्वचा गुलाबी दिसू लागते. दरम्यान खाली रक्त साचलं किंवा पट्टी सरकली, तर तेवढा तुकडा काळा पडतो. पहिले दोन दिवस निभावतात ते त्वचा पातळ असते म्हणून. ऑक्सिजन पेशीपेशींतून आपोआप झिरपत फार लांब जात नाही. जिवंत, काम करणाऱ्या ऊतीमध्ये त्याची मजल जेमतेम एक ते दोन दशांश मिलिमीटर असते. म्हणूनच शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी कुठल्या ना कुठल्या केशवाहिनीच्या हाकेच्या अंतरावर असते. या केशवाहिन्यांचं जाळं गरजेनुसार कसं उघडतं आणि मिटतं हे दाखवणाऱ्या डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोघ यांना १९२० मध्ये नोबेल मिळालं. यकृताचा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा जरी घडवला, तरी त्याच्या मधोमध असलेली पेशी ऑक्सिजनपासून कित्येक मिलिमीटर दूर राहते. आत वाहिन्या नसतील तर तिचं आयुष्य तासांत मोजावं लागतं.

हे सत्य पुण्याच्या परिसरातल्या एका कारागिराला सव्वादोनशे वर्षांपूर्वी हाताच्या कसबानं माहीत होतं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये एक वृत्तांत छापून आला. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी १७९२ च्या लढाईत टिपूच्या माणसांच्या हाती सापडला आणि त्यांनी त्याचं नाक कापलं. पुण्याजवळच्या, विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका वैद्यानं ते नवं करून दिलं. त्यानं मेणाचं नाक घडवून ते चपटं केलं, कपाळावर ठेवून त्याची आकृती आखली, तेवढी कातडी सोडवून खाली वळवली आणि नाकाच्या जागी बसवली. ती चिकटवायला काताचा लेप वापरला, चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या पट्ट्या लावल्या. पण सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट त्यानं न कापता सोडली होती. दोन भुवयांमध्ये कातडीचा एक अरुंद दुवा कपाळाशी जोडलेलाच राहू दिला आणि तो साधारण पंचविसाव्या दिवशी कापला. तोवर नवं नाक कपाळाच्या रक्तावर जगत होतं आणि खालच्या जागेशी स्वतःच्या वाहिन्या जोडून घेत होतं. कोकणातलं भेट कलम याच रीतीचं असतं. फांदी मूळ झाडावरून तोडायची नाही, रोप तिच्याजवळ नेऊन दोन्हींची साल तासून बांधायची, आणि रस एकमेकांत खेळू लागल्यावरच फांदी आईपासून विलग करायची. पुण्याच्या त्या वैद्याचं नाव वृत्तांतात नाही. त्याची रीत मात्र जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये वापरली आणि युरोपातल्या आधुनिक प्लास्टिक सर्जरीला तिनं नवी सुरुवात करून दिली.

माझं म्हणणं त्या दुव्यातच सामावलं आहे. ऊती घडवण्याच्या शास्त्रात पेशी वाढवणं हा आता मुख्य प्रश्न उरलेला नाही. मुख्य प्रश्न रक्ताचे पाट खणण्याचा आहे, आणि या शास्त्रातला प्रत्येक दावा, प्रत्येक रुपया आणि प्रत्येक आशा याच मोजपट्टीनं मोजायला हवी. याला सर्वांत मोठा पुरावा म्हणजे आजवर काय जमलं आणि काय जमलं नाही याची यादी. जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी १९७५ मध्येच माणसाच्या बाह्यत्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत मुबलक वाढवून दाखवल्या, आणि १९८३ मध्ये अमेरिकेत जवळजवळ संपूर्ण अंग भाजलेल्या दोन भावांना अशा वाढवलेल्या चादरींनी वाचवलं. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतातच. सांध्यांच्या कूर्चेतही त्या नसतात, आणि भारतात २०१७ मध्ये मंजुरी मिळालेल्या पहिल्या पेशी-उपचारांपैकी एक कूर्चेचाच होता. डोळ्याच्या पारपटलात, म्हणजे कॉर्नियातही त्या नसतात, आणि रबाळ्याच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसपासून हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेपर्यंत आपल्याकडे मूळपेशींचं काम सर्वांत आधी रुजलं ते तिथेच. खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक केंद्रात ४ जून २०२१ रोजी कर्करोगावरचा देशातला पहिला कार-टी पेशी-उपचार झाला. त्या पेशी तर रक्तातच तरंगतात, त्यांना पाट लागतच नाहीत. जिथे रक्तवाहिन्यांची गरज नव्हती तिथे यश आलं, जिथे गरज होती तिथे अडलं. अँथनी अटाला यांच्या गटानं २००६ मध्ये रुग्णांच्याच पेशींपासून घडवलेल्या मूत्राशयांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले तेव्हा जगभर टाळ्या वाजल्या. तीही पातळ भिंतीची पिशवी होती, आणि तिच्याभोवती पोटातला रक्तवाहिन्यांनी भरलेला मेदपडदा गुंडाळला तेव्हा निकाल चांगले आले. पुढच्या चाचणीत मात्र अपेक्षित लाभ दिसला नाही.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. त्वचेच्या ग्राफ्टमध्ये शरीर स्वतःच वाहिन्या जोडून घेतं, तर घडवलेल्या अवयवातही घेईल. आपण घाई का करायची? उत्तर साध्या गणिताचं आहे. शरीरातून आत शिरणारी नवी केशवाहिनी दिवसाला मिलिमीटरचा जेमतेम काही अंश पुढे सरकते. एक सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याच्या मध्यापर्यंत पोचायला तिला कित्येक दिवस, बहुधा आठवडे लागतील. यकृताच्या किंवा हृदयाच्या पेशी ऑक्सिजनशिवाय तितके तासही धड काढत नाहीत. पाणी गावात पोचेपर्यंत शिवार करपून जाईल. म्हणून जाड ऊतीला रोपण करतानाच स्वतःचं जाळं हवं, आणि त्याची दोन मोठी तोंडं, एक आत येणारं आणि एक बाहेर जाणारं, शल्यविशारदाला रुग्णाच्या धमनी-शिरेशी टाक्यांनी जोडता यायला हवीत. विसाव्या शतकातलं अवयव-प्रत्यारोपण सुरू झालं तेही रक्तवाहिन्या शिवण्याचं तंत्र अलेक्सी कारेल यांनी साधल्यामुळे. त्यासाठी त्यांना १९१२ चं नोबेल मिळालं. अवयव बदलण्याची वाट आधी वाहिन्या जोडण्यातून गेली. अवयव घडवण्याची वाटही वाहिन्या घडवण्यातूनच जाणार आहे.

शरीर हे काम कसं करतं, ते पाहिलं की अवघडपणा कळतो आणि मार्गही दिसतो. ज्या पेशीला ऑक्सिजन कमी पडतो ती एक प्रथिन बाहेर सोडते. त्याचं नाव व्हीईजीएफ, वाहिन्यांच्या वाढीचा घटक. ऑक्सिजन कमी पडल्याचं पेशीला कसं समजतं, या शोधाला २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. जवळच्या वाहिनीच्या आतल्या अस्तरातली, म्हणजे एन्डोथेलियल थरातली एखादी पेशी ती हाक ऐकते, पुढे सरसावते, मागच्या पेशी तिच्यामागून नळीसारख्या रांगेत येतात. दोन अंकुर एकमेकांना भेटतात आणि रक्त वाहू लागतं. वाहत्या रक्ताचं घर्षणच पुढचा हुकूम देतं. ज्या फांदीतून प्रवाह जातो ती जाड होते, तिच्याभोवती आधाराच्या पेशी येऊन बसतात, आणि जिथे प्रवाह नाही ती फांदी आटून नाहीशी होते. हा खेळ सर्वांत निर्दयपणे वापरते ती कर्करोगाची गाठ. ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं की गाठ स्वतःसाठी वाहिन्या बोलावून घेऊ शकली नाही तर ती एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढूच शकत नाही. या विचाराला मान मिळायला वेळ लागला, पण व्हीईजीएफ रोखणारं बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ मध्ये मंजूर झालं. कर्करोगतज्ज्ञ ज्या पाटांना बांध घालू पाहतात, तेच पाट ऊती घडवणाऱ्यांना खणायचे आहेत. एकाच वाहिनीशास्त्राच्या या दोन बाजू आहेत, आणि एकीकडे कळलेलं दुसरीकडे कामी येतं.

घडवायचं कसं, याच्या दोन दिशा आहेत. नवी मुंबईकराला त्या आपल्या नळाच्या पाण्यावरून कळतील. खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणातून पाणी मोठ्या जलवाहिनीनं निघतं, जलकुंभांत येतं, तिथून रस्त्यांखालच्या नळांत, मग इमारतींत, आणि शेवटी स्वयंपाकघरातल्या तोटीपर्यंत. मुख्य वाहिनीवरच घर बांधता येत नाही आणि धरणाशिवाय तोटीला अर्थ नाही. शिवाय पाणी नुसतं येऊन चालत नाही, ते जायलाही हवं. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी अडवून ओहोटीला खाडीत सोडणारे धारण तलाव नसते तर समुद्रसपाटीलगतच्या इथल्या वस्त्या दर पावसाळ्यात बुडाल्या असत्या. शरीरातही बोटाएवढ्या महाधमनीपासून पाच ते दहा मायक्रॉनच्या केशवाहिनीपर्यंत, आणि तिथून शिरांतून परत, अशी उतरंड असते. जाड नळी फांद्यांत विभागली जाते तेव्हा तिच्या त्रिज्येचा घन फांद्यांच्या त्रिज्यांच्या घनांच्या बेरजेइतका असला तर रक्त वाहून नेण्याचे श्रम सर्वांत कमी पडतात, हा नियम सेसिल मरे यांनी १९२६ मध्ये मांडला. पहिली दिशा वरून खाली येते. मोठ्या वाहिन्या आधी छापायच्या. जॉर्डन मिलर आणि क्रिस्टोफर चेन यांच्या गटानं २०१२ मध्ये साखरेच्या काचेचे तंतू छापून जाळी केली, तिच्याभोवती पेशींनी भरलेला मऊ जेल ओतला, आणि पाण्यानं साखर विरघळवून टाकली. पाडव्याच्या गाठीसारखी ती साखर विरली आणि मागे पोकळ नळ्या राहिल्या. मूर्तिकार मेणाचा साचा वितळवून धातू ओततो, त्याच्या उलट्या बाजूनं केलेलं हे काम. त्या नळ्यांना एन्डोथेलियल पेशींचं अस्तर लावलं की रक्त वाहू शकतं.

दुसरी दिशा खालून वर जाते, आणि तिथे पेशींवर विश्वास टाकावा लागतो. पाच मायक्रॉनच्या नळ्या अवयवभर छापणं आजच्या यंत्रांना झेपत नाही, पण पेशींना ते करून घेता येतं. जपानच्या ताकानोरी ताकेबे यांच्या गटानं २०१३ मध्ये यकृताच्या दिशेनं वळवलेल्या मूळपेशी, एन्डोथेलियल पेशी आणि आधाराच्या पेशी एकत्र सोडल्या. एन्डोथेलियल पेशी आल्या होत्या प्रसूतीनंतर एरवी टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेच्या शिरेतून. या तिन्हींनी मिळून स्वतःच यकृताचे छोटे अंकुर बांधले, आणि उंदरात रोपल्यावर त्यातल्या वाहिन्या ४८ तासांत उंदराच्या वाहिन्यांशी जुळल्या. हार्वर्डच्या जेनिफर लुइस यांच्या प्रयोगशाळेनं दोन्ही दिशा एकत्र आणल्या. २०१६ मध्ये त्यांनी एक सेंटिमीटरहून जाड ऊती, आतल्या छापलेल्या वाहिन्यांतून द्रव खेळवत, सहा आठवड्यांपेक्षा जास्त जगवली. २०१९ मध्ये त्यांनी असंख्य सूक्ष्म अवयवांचा दाट गोळा करून त्यातच वाहिन्या कोरल्या. नासानं तर याच प्रश्नावर स्पर्धा लावली होती. एक सेंटिमीटरपेक्षा जाड मानवी ऊती घडवा, तीस दिवस जगवा आणि ८५ टक्क्यांहून अधिक पेशी जिवंत ठेवा. २०२१ मध्ये वेक फॉरेस्ट संस्थेचे दोन गट पहिले आणि दुसरे आले. एक घन सेंटिमीटर म्हणजे साखरेचा एक ठोकळा. माणसाचं यकृत साधारण दीड किलो असतं. या दोन आकड्यांमध्ये जेवढं अंतर आहे तेवढीच वाट अजून चालायची आहे, आणि ती चालता येण्याजोगी आहे याचा पुरावाही तोच साखरेचा ठोकळा आहे.

इथे दुसरा आक्षेप येतो. नवं जाळं घडवण्याचा खटाटोप कशाला? डुकराच्या किंवा मृत दात्याच्या अवयवातल्या पेशी धुऊन काढल्या तर वाहिन्यांचा तयार सांगाडा हाती येतो. डोरिस टेलर आणि हॅरल्ड ऑट यांनी २००८ मध्ये उंदराचं हृदय असं धुऊन त्यात नव्या पेशी पेरल्या आणि ते क्षीणपणे का होईना, धडधडलं. कल्पना सुंदर आहे, पण ती प्रश्न टाळत नाही, त्याची जागा बदलते. सांगाड्यातल्या प्रत्येक केशवाहिनीला एन्डोथेलियल पेशींचं अखंड अस्तर परत मिळालं नाही, तर उघड्या जागी रक्त लागताच गुठळी होते आणि सगळं जाळं तुंबतं. उलट बाजूचा अनुभवही हेच सांगतो. मार्च २०२४ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जनुकं बदललेल्या डुकराचं मूत्रपिंड प्रथमच एका जिवंत माणसाला बसवलं गेलं. प्राण्याचा अवयव माणसाचं रक्त लागताच मिनिटा-तासांत नाकारला जातो तो त्याच्या वाहिन्यांच्या अस्तरावरच्या एका साखरेमुळे, आणि जनुकं बदलण्यामागचा पहिला हेतू ते अस्तर माणसाच्या रक्ताला सहन व्हावं हाच आहे. अवयव छापा, धुवा किंवा डुकराकडून आणा. लढाई दर वेळी रक्त आणि अस्तर जिथे भेटतात तिथेच लढावी लागते.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण त्यात माणसांचे जीव गुंतलेले आहेत. या क्षेत्रात खोट्या आशा फार विकल्या जातात. हे खरं आहे. पाओलो माकियारिनी यांनी २०११ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात प्लास्टिकच्या श्वासनलिकेवर रुग्णाच्या मूळपेशी लावून तिचं रोपण केलं आणि या पेशी नळीला जिवंत ऊती बनवतील असं सांगितलं. श्वासनलिकेला बाजूंनी अनेक बारीक धमन्या पोसत असतात. त्या प्लास्टिकला पोसणारं काहीच नव्हतं. स्वीडनमधल्या त्यांच्या तिन्ही रुग्णांचा पुढे मृत्यू झाला, आणि २०२३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं त्यांना गंभीर शारीरिक इजा केल्याबद्दल अडीच वर्षांची कैद सुनावली. तेव्हा जगभर 'मूळपेशी' या शब्दाची जादू चालली. 'या तुकड्याला रक्त कुठून मिळणार?' हा पुण्याच्या वैद्याला पडला असता तो प्रश्न पुरेशा मोठ्यानं विचारला गेला नाही. मी जी मोजपट्टी सुचवतो आहे तिचा सामान्य वाचकाला होणारा उपयोग हाच. बातमीत 'प्रयोगशाळेत अवयव तयार' असं वाचलं की चार प्रश्न विचारावेत: तुकडा किती जाड होता, आत वाहिन्या होत्या का, त्यातून द्रव वाहिला की खरं रक्त, आणि तो किती दिवस जगला. उपचार म्हणून कुणी पैसे मागत असेल तर पाचवा प्रश्न: ही चाचणी भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली आहे का? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतल्या अस्थिमज्जा-रोपणासारखे प्रस्थापित उपचार वगळता मूळपेशींचा वापर मंजूर चाचणीबाहेर करता येत नाही. चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे मागणं हीच धोक्याची खूण समजावी.

चौथा आक्षेप आपल्या देशाचा आहे, आणि त्याच्याकडे पाठ फिरवता येणार नाही. सरकारी अंदाजानुसार भारतात दर वर्षी सुमारे ७० लाख लोक भाजतात. त्यांना धड ड्रेसिंग, खाट आणि वेळेवर ग्राफ्ट मिळत नाही, आणि आपण साखरेच्या जाळ्या काय छापत बसायचं? हा आक्षेप अवयव छापण्याच्या स्वप्नाला लागू पडतो, वाहिन्यांच्या संशोधनाला नाही. कारण वाहिन्यांनी युक्त ऊतीचा पहिला उपयोग अवयव बदलणं हा नसून आजार समजून घेणं हा आहे. योसेफ पेनिंगर यांच्या व्हिएन्नातल्या गटानं २०१९ मध्ये मूळपेशींपासून मानवी रक्तवाहिन्यांचे छोटे गोळे वाढवले, त्यांना जास्त साखर आणि दाहकारक रेणूंच्या वातावरणात ठेवलं, आणि वाहिन्यांभोवतीचा पडदा जाड झालेला पाहिला, मधुमेही माणसाच्या वाहिन्यांत होतो तसाच. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि पायाची न भरणारी जखम, मधुमेहाची ही तिन्ही दुखणी बारीक वाहिन्यांच्या बिघाडाशी जोडलेली आहेत, आणि आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. वाहिन्यांचा अभ्यास हा आपल्यासाठी चैनीचा विषय नाही. औषधांच्या चाचणीतही तेच. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारनं नवी औषधं व वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांत बदल करून प्राण्यांऐवजी मानवी पेशींच्या ऊती आणि चिपवरचे अवयव वापरायला वाट मोकळी केली. ठाणे-बेलापूर पट्ट्यासारख्या औषधउद्योगाच्या भागाला याचा अर्थ समजायला हवा. रक्तप्रवाह नसलेल्या यकृताच्या तुकड्यावर औषध तपासणं म्हणजे पाणी नसलेल्या शेतात खत टाकून पाहण्यासारखं आहे. आणि खर्चाचं म्हणाल, तर आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेला नेक्सकार१९ हा कार-टी उपचार २०२३ मध्ये मंजूर झाला तो परदेशातल्या किमतीच्या सुमारे दशांश खर्चात. महागडं जीवशास्त्र इथे स्वस्त करता येतं, हे खारघरनं दाखवलेलं आहे.

धीर धरण्याचं माप कोणतं, तेही एका नळीवरूनच कळतं. लॉरा निकलसन यांनी १९९९ मध्ये प्राण्यांच्या पेशींपासून, हृदयाच्या ठोक्यांसारख्या धडधडत्या प्रवाहात धमनी वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच कल्पनेतून उभी राहिलेली, मानवी पेशींनी विणलेली आणि नंतर पेशी धुऊन काढलेली रक्तवाहिनी हातापायांच्या गंभीर इजांसाठी अमेरिकेत मंजूर झाली डिसेंबर २०२४ मध्ये. फांद्या नसलेल्या एका सरळ नळीला प्रयोगशाळेपासून रुग्णालयापर्यंत पाव शतक लागलं. अख्ख्या यकृताचं जाळं दहा वर्षांत मिळेल असं जो सांगतो, त्याला या नळीचा इतिहास दाखवावा. आणि कधीच मिळणार नाही असं जो म्हणतो, त्यालाही तोच दाखवावा.

तोवर पाट माणसाकडूनच माणसाला मिळणार आहेत. प्रत्यारोपणाचा प्रत्येक अवयव आज स्वतःचं जाळं घेऊनच येतो, ते घडवणारं यंत्र अजून नाही. २०२३ मध्ये देशात १८,३७८ अवयव-प्रत्यारोपणं झाली, पण मरणोत्तर अवयवदाते होते फक्त १,०९९. उरलेला भार जिवंत नातेवाइकांनी, त्यातही मोठ्या संख्येनं स्त्रियांनी उचलला. ऐरोलीच्या पेढीतल्या त्वचेला तर मेंदूमृत्यूची अटही नाही. १८ वर्षांवरच्या कुणाचीही त्वचा, काही संसर्ग आणि त्वचेचे आजार वगळता, घरी झालेल्या मृत्यूनंतरही घेता येते, आणि देहाला विद्रूपता येत नाही. ती त्वचा रुग्णाच्या अंगावर धरणार नाही, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं. ती देते ते दोन-तीन आठवडे. तेवढ्यात रुग्णाच्या जखमेचा तळ लाल होतो, त्यात नव्या केशवाहिन्या उगवतात, आणि त्याची स्वतःची त्वचा धरायला जमीन तयार होते. कपाळाशी जोडलेला तो अरुंद दुवा पंचवीस दिवस न कापता ठेवणाऱ्या पुण्याच्या वैद्यानं कावसजीच्या नाकासाठी हेच केलं होतं. नवे पाट खणून होईपर्यंत त्यानं जुन्या पाटाचं पाणी चालू ठेवलं. प्रयोगशाळांचं खणणं सुरू आहे. ते पुरं होईपर्यंत हे पाणी चालू ठेवणं आपल्या हातात आहे.